जर्मन किल्ल्यावरची घंटा

'प्रत्येक किल्ल्याला आत्मा असतो...' असं ब्रोशरच्या पहिल्याच पानावर होतं. खाली पार्किंगचे नियम. माझा आत्म्यांवर कधीच विश्वास नव्हता. पार्किंगच्या दंडावर आहे. तरीही घडलं ते सांगतो.

इथे ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गहून तासाभरावर, टेकडीच्या माथ्यावर हा 'जर्मन कॅसल' आहे. लोकरीच्या धंद्यात पैसा केलेल्या एका जर्मनाने आपल्या गावच्या किल्ल्याची आठवण म्हणून बांधला — बुरूज, खंदक, सगळं. शत्रू तेवढा नव्हता. पुढे तिथे सॅनेटोरियम झालं, मग हॉस्टेल. आता लग्नं आणि कंपन्यांचं टीम-बिल्डिंग.

फेब्रुवारीत माझ्या भाचीचं, मुग्धाचं, लग्न तिथे होतं. मुहूर्त सव्वाअकराचा. तिची आई, म्हणजे माझी ताई, त्यासाठी पुण्याहून आलेली. ताईचं स्वतःचं लग्न मुहूर्त टळून लागलं होतं, आणि मुग्धा तान्ही असतानाच भाऊजी गेले. या दोन गोष्टी तिच्या मनात कायमच्या जोडल्या गेल्या आहेत.

अकराला नवरदेवाची मिरवणूक आली आणि फाटकातच थांबली. हिरवळीवर कुठल्याशा कंपनीची तिरंदाजी चालू होती.

"सेफ्टी फर्स्ट, मेट," मॅनेजर ट्रेसी म्हणाली.

बांधल्यापासून किल्ल्याने पहिल्यांदाच कुणाला तरी अडवलं.

साडेअकरा झाले. ताई खुर्चीत बसली. "टळला रे, अभय."

"ताई, मुहूर्त म्हणजे नुसतं—"

"तू गप्प बस."

अखेर तिरंदाज जेवायला गेले. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, गुरुजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं... आणि बुरुजावर घंटा वाजली. एकदाच. खोल, जड. सगळ्यांनी वर पाहिलं आणि अक्षता भलतीकडेच पडल्या.

"बेल मस्त अरेंज केलीस," मी ट्रेसीला म्हणालो.

"कसली बेल? ती पहिल्या महायुद्धातच उतरवली. मालक जर्मन, घंटा वाजवून शत्रूला खुणा करतो म्हणे."

तेवढ्यात गुरुजी — एरवी बँकेत आयटीवाले — ओशाळत ताईकडे आले. "ताई, घोळ झाला. मी नुकताच ब्रिस्बेनहून आलोय ना... पंचांगाच्या ॲपमध्ये गाव तेच राहिलं. इथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तिकडे ते डेलाइट सेव्हिंग नसतं. इथला मुहूर्त सव्वाबाराचा."

लग्नाचा व्हिडिओ पाहिला. घंटा स्पष्ट ऐकू येते. वेळ, सव्वाबारा.

योगायोग मी समजू शकतो. घंटा अजून समजलेली नाही.

ताईने बुरुजाकडे वळून हात जोडले. डोळे मिटून, बराच वेळ. नंतर मी वर चढून पाहिलं. तिथे एसीचं आउटडोअर युनिट आहे.