कंसातलं होम सायन्स

माझ्या पदवीला एक कंस आहे. बी.एस्सी., आणि पुढे कंसात होम सायन्स. बाबा सरकारी कचेरीत होते, कागद अक्षर न् अक्षर वाचायची त्यांना सवय; पण माझ्या बाबतीत ते कंसाच्या अलीकडेच थांबायचे. "पोरगी बी.एस्सी. झाली," एवढंच सांगायचे. पुढचं काम मामा करायचा. तो आमच्याच प्रताप नगरात, दोन गल्ल्या सोडून राहतो. कुणाचं बारसं असो की लग्न, तो मधेच तोंड घालणार: "कंसात होम सायन्स, बरं का! मंजे वरणाले फोडणी कशी द्याची, त्याची डिग्री." सगळे खो खो हसायचे. म्हणून आम्ही भावंडांनी त्याचं नाव कंसमामा ठेवलं. त्याला ते आवडलं, हा आणखी एक वैताग.

मला मात्र हसू यायचं नाही. तीन वर्षं मी प्रथिनं, सूक्ष्मजीव, मधुमेहातला आहार असं सगळं घोकलं होतं. फोडणी मला आजही धड जमत नाही. मोहरी करपते.

धंतोलीतल्या एका हॉस्पिटलला आहारतज्ज्ञ हवी होती. ती नोकरी मला हवीच होती. कामाची आवड होती हे खरंच, पण ओळखपत्र बघून मामाचं तोंड बंद व्हावं हेही तितकंच खरं. मुलाखतीला टेबलापलीकडे मॅनेजर साहेब होते. त्यांनी गुणपत्रिका घेतली आणि बोट बरोब्बर कंसावर ठेवलं.

"जाहिरातीत न्यूट्रिशन म्हटलं आहे. तुमचं तर होम सायन्स आहे."

"सर, खालचे विषय बघा ना. शेवटचं वर्ष सगळं न्यूट्रिशनचंच आहे."

"मॅडम, आम्ही वरचं नाव पाहतो. खालचं कोण वाचत बसते?"

असा राग आला! पण तोंड उघडलं असतं तर उरलीसुरली आशाही गेली असती. गुणपत्रिका उचलली आणि बाहेर बाकावर येऊन बसले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचंच आहे असं मी स्वतःला बजावत होते.

शेजारी रामटेककडचे एक काका बसले होते. साखर वाढली म्हणून त्यांना आहाराचा छापील तक्ता मिळाला होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"पोरी, जरा वाचून दे वं. हे ओट्स मंजे काय? आन् हे ब्राउन राइस कोठी भेटते?"

"काका, घरी धान आहे?"

"सात एकर धानच तं आहे! आन् मलेच भात बंद करून राहिले हे लोक."

मला खुदकन हसू आलं, त्या दिवसातलं पहिलंच. "मिलवाल्याला सांगा, तुमच्यापुरतं धान पॉलिश न करता, नुसतं टरफल काढून दे. तोच तुमचा ब्राउन राइस." मग तक्त्यातले ओट्स खोडले आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: दुपारी एक वाटी भात, दुप्पट भाजी, घट्ट वरण, संध्याकाळी ज्वारीची भाकर. "पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका," असं दोनदा सांगितलं.

"तू डाक्टरीण आहे का?"

"नाही. होम सायन्स," मी तोडून टाकल्यासारखं म्हटलं.

काका विचारात पडले. मग चेहरा उजळला. "होम मंजे घर ना वं? मंग बराबर आहे. मले घरीच तं जेवाचं आहे!"

माझ्या पदवीचा अर्थ मला इतक्या सरळ कुणीच सांगितला नव्हता. आनंदाने मी त्यांच्या पाया पडायचीच काय ती बाकी होते.

काका तक्ता घेऊन तपासणीला आत गेले. थोड्या वेळाने त्यांच्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "ओट्स कोणी खोडले?" आता संपलं, असं वाटून मी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि मुलाखतीत कंसावर अडलेय, तेही सांगून टाकलं. त्या मला तशीच मॅनेजर साहेबांकडे घेऊन गेल्या आणि तक्ता उलटा करून टेबलावर ठेवला. "हिची डिग्री बघितली असेल, आता हे बघा." साहेबांनी या खेपेला खालपर्यंत वाचलं. सोमवारपासून या, म्हणाले.

रुजू झाल्यावर माझ्या दारावरची पाटी करणाऱ्याचा फोन आला. "मॅडम, जागा कमी पडून राहिली. नुसतं बी.एस्सी. टाकू का?" आधी कुणी विचारलं असतं तर मी पेढे वाटले असते. "अक्षरं बारीक करा," मी म्हटलं, "पण कंस पाहिजे."

आमच्या कॉलेजने आता त्याच अभ्यासक्रमाला भलंमोठं चकचकीत नाव दिलंय. मुली मुलाखतीला येतात तेव्हा मी खालचे विषय आधी वाचते. पण नावाने काही फरक पडत नाही, असं मी कुणाला सांगत नाही. माझंच घोडं तिथे अडलं होतं.

मागच्या महिन्यात मामाची साखर वाढली. माझ्या दारासमोर रांगेत उभा राहून तो मोठ्याने पाटी वाचत होता. कंस आला आणि अलीकडेच थांबला.

"पुढे वाच ना, मामा!" मी आतून ओरडले.

"होम सायन्स," मामा म्हणाला. मग शेजारच्या बाईंकडे वळून, छाती फुगवून म्हणाला, "कंसात, माझी भाची."