वॉटर पार्कला आलेली अक्का

आमच्या घरातल्या प्रत्येक सहलीची आखणी अक्कानं केली आणि एक सोडली तर कुठल्याच सहलीला ती गेली नाही. पन्हाळा असो, गगनबावड्याला पाऊस बघायला जाणं असो, निघायच्या आठ दिवस आधी ती कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे यादी करायला बसायची. कोण कुठे बसणार, गाडी लागणाऱ्याला खिडकी कुठली, लिंबू कुणाच्या खिशात, हळदीची पुडी कुणाच्या पर्समध्ये, सगळं त्यात असायचं. जीप गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती दारात उभी राहून मोठमोठ्यानं शेवटच्या सूचना द्यायची. त्या सूचना शेजाऱ्यांच्या चांगल्या लक्षात राहायच्या, आमच्या नाही.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात नात्यांची अर्धी नावं कानडी. आजोबांना आम्ही अज्जा म्हणायचो, आणि वडील अक्का म्हणतात म्हणून आई, काका-काकू, आम्ही पोरं आणि दूधवालासुद्धा तिला अक्काच म्हणायचा. लग्न होऊन ती सीमेपलीकडच्या एका गावात गेली होती. तीन वर्षांत नवरा वारला आणि अज्जा जाऊन तिला घेऊन आले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. राजारामपुरीत खाली रंगाचं दुकान आणि वर आम्ही, असं आमचं घर. परत आलेल्या मुलीला घरानं दुसऱ्याच दिवशी कामाला लावलं, आणि ती काम इतकं नेटकं करायची की तिला आणखी काही हवं असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही.

अज्जांचा एक नियम होता. देव्हाऱ्यातली समई विझू द्यायची नाही आणि समई तेवत असताना घराला कुलूप लावायचं नाही. म्हणजे घरात कायम कुणीतरी पाहिजे. हे कुणीतरी कोण, यावर घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. "तुम्ही जावा, मी घर बघतो," असं अक्का म्हणायची. आमच्याकडे बायकाही 'जातो, बघतो' असंच बोलतात. ते वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातला 'मी' आम्हाला ऐकूच यायचा नाही. संध्याकाळी परत आलो की ती एकेकाला समोर बसवून विचारायची. काय बघितलं, कुठं थांबला, कुणी ओकलं का. त्यातलं ओकण्याचं उत्तर तिला सविस्तर लागायचं, कारण पुढच्या यादीत त्याची सोय करायची असायची.

तिच्या तयारीची आम्ही फार चेष्टा करायचो. माणशी एक कापडी पिशवी आणि प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाचा दोरा. माझा हिरवा. एकदा काका म्हणाले, "अक्का, आम्ही पन्हाळ्याला चाललोय, काशीला न्हवं." ती म्हणाली, "काशीला गेल्यावर मानसं परत येत्यात का न्हाय ठाऊक न्हाय. पन्हाळ्यास्नं भुका लागून येत्यात." आणि वर दोन दशम्या जादा घातल्या.

मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. हायवेला नवीन वॉटर पार्क झालं होतं आणि वर्गातल्या निम्म्या मुली जाऊन आल्या होत्या. घरात मी महिनाभर भुणभुण लावली, तेव्हा वडील तयार झाले. सोमवारी दुकानं बंद, म्हणून सोमवार ठरला. अज्जा आदल्या वर्षी गेले होते. मी जाहीर करून टाकलं की या वेळी अक्का येणार, नाहीतर मीही येणार नाही.

"अगं, समईकडं कोन बघनार?" वडील म्हणाले.

"शेजारच्या काकू येऊन बसतील. एक दिवस."

"आनि ती येऊन करनार काय तितं? पान्यात उतरायचं तिचं वय हाय का?"

अक्का मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले. "मी?" एवढंच ती म्हणाली. मग वडिलांकडे न बघता, "बगू की. एवढं पोरगी म्हनतीया तर." दुसऱ्या दिवशी यादीत सगळ्यांच्या खाली, जरा बारीक अक्षरात, एक ओळ आली होती. 'अक्का – जादा लुगडं एक.' सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचं नाव पहिल्यांदा तिच्याच यादीत आलं होतं. मला केवढा पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं!

त्यानंतरचे पंधरा दिवस घरात नुसती धमाल होती. अक्कानं आम्हा पोरांना गच्चीवर नेऊन पाण्यानं भरलेल्या बादलीत तोंड बुडवायला लावलं. ती आकडे मोजायची आणि वीसच्या आत कुणी डोकं वर काढलं की पाठीत धपका घालायची. "पानी मारत न्हाय कुनाला," ती म्हणायची. "मानूस घाबरून त्वांड उघडतंय, मग मरतंय." तिला हे कसं ठाऊक, असं मी एका दुपारी माझ्या केसांना तेल लावून घेताना विचारलं. तेव्हा ती सांगायला लागली. तिचं आजोळ कागलजवळ, दूधगंगेच्या काठाला. सातव्या वर्षी मामानं पाठीला वाळका भोपळा बांधून तिला नदीत सोडलं होतं. दहाव्या वर्षी ती घाटावरून मुटका मारायची, गुडघे पोटाशी घेऊन, धप्पकन. काठावरच्या बायकांची धुतलेली धुणी पुन्हा भिजायची आणि त्या हिच्या आईचा उद्धार करायच्या. एकदा ती पलीकडच्या काठाला जाऊन आली होती. "आल्यावर आईनं बदाबदा हानली. पर पलीकडं जाऊन आलतो की!" सांगताना माझ्या केसांतले तिचे हात जोरजोरात चालायला लागले होते.

"मग नंतर?" मी विचारलं.

"नंतर काय, लगीन. मग ते तसं झालं. अज्जांनी सांगितलं, आता नदीवर जायाचं न्हाय. जीव देशील म्हनून भ्यालं असतील." वेणीला रिबन बांधून तिनं गाठ ओढली. "पंचवीस वर्षं झाली, गळ्याच्या वर पानी न्हाय बघितलं मी."

त्या आठवड्यात तिनं एक जुनं गडद निळं लुगडं कापून अर्धं केलं, त्याला कमरेशी नाडी शिवली आणि काष्टा सुटू नये म्हणून मागे दोन बंद लावले. लांब बाह्यांचं पोलकं शिवलं. घालून आरशासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "कुनाला काय दिसायचं न्हाय आनि पाय बी मारता येतील. कसं?" मी म्हणाले, एकदम झकास.

सोमवारी वडापची, एरवी माणशी भाडं घेणारी, एक जीप सांगितली होती. बारा माणसं, बारा पिशव्या, पंचेचाळीस दशम्या, शेंगाचटणीचा डबा आणि दहीभाताचं पातेलं. अक्का ड्रायव्हरच्या मागे खिडकीशी बसली. कागल मागे पडलं तेव्हा तिनं बाहेर बोट दाखवलं. "तिकडं आत माझं आजोळ." मग गेटपर्यंत ती नुसती बाहेर बघत होती.

गेटवर वॉचमननं पातेलं अडवलं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. वडील चिडले, काकांनी हुज्जत घातली, काकू म्हणाली चला परत. अक्कानं पातेलं खाली ठेवलं आणि पार्किंगमधल्या झाडाखाली चटई पसरली. "खाऊन जाऊया. पोटातनं न्यायला कोन अडवतंय?" सकाळी साडेनऊला आम्ही बाराजणांनी दुपारचं जेवण केलं. वॉचमनलाही तिनं दोन दशम्या दिल्या. "पावनं, तुमचा काय दोष न्हाय, तुमी बी जेवा." इतकी खुशीत मी तिला कधीच पाहिली नव्हती. आजचा दिवस कशानंच बिघडणार नाही, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

आत गेल्यावर कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक बाई टेबल टाकून बसली होती. अक्का निळं लुगडं नेसून बाहेर आली तशी त्या बाईनं हात आडवा केला.

"मावशी, सुती कपडा पाण्यात चालत नाही. साडी तर नाहीच. दोरे अडकतात मशीनमध्ये. नायलॉनचाच ड्रेस पाहिजे. इथं भाड्यानं मिळतो."

अक्काच्या यादीत सगळं होतं, फक्त ही अट नव्हती. ती कुणालाच ठाऊक नव्हती. आम्ही मुलींनी नायलॉनचे कपडे आणले होते, ते केवळ वर्गातल्या मुलींकडे बघून. आई आणि काकू "मग आमी न्हाय" म्हणून सावलीत जाऊन बसल्या. अक्का मात्र टेबलापाशी गेली. गठ्ठ्यातून तिनं एक ड्रेस उचलला. जांभळा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट. हातात उलटापालटा करून बघितला, अंगाला लावला आणि माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर हसू होतं, दहा वर्षांच्या पोरीचं असावं तसं.

"बघ की गं. ह्यात मी बसतोय का? घालू का?"

माझ्या मागून त्याच वेळी क्लासमधल्या दोन मुली येत होत्या. त्यांनी मला हाक मारली होती आणि त्या आता अक्काकडे बघत होत्या. मी पंधरा वर्षांची होते, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

"अक्का, नको ना," मी दबक्या आवाजात म्हणाले. "हसतील सगळे. माझ्या क्लासमधल्या मुली आहेत."

तिनं त्या मुलींकडे बघितलं. मग हातातल्या पँटकडे.

"व्हय की," ती म्हणाली. "हसतील. बरं झालं सांगितलंस."

तिनं पँटची घडी घातली, टी-शर्टची घातली, काठाला काठ जुळवून, आणि गठ्ठ्यावर परत ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, "मला न्हाय बाई पान्यात यायचं. बघूनच भ्या वाटाय लागलंय. तुम्ही जावा, मी पिशव्या बघतो." वडील म्हणाले, "मी म्हनलं हुतं का न्हाय?" आणि आम्ही पाण्याकडे पळालो. मीही पळाले. सगळ्यांत पुढे.

दिवसभर ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. नाडीचं निळं लुगडं तिनं बदललं नव्हतं. मोठ्या तलावात भोंगा वाजून लाटा सुरू झाल्या तशी मी गटांगळी खाल्ली. नाकातोंडात पाणी गेलं, आणि त्या सगळ्या गलक्यातून तिचा आवाज आला. "त्वांड मिट! पाय मार, हात न्हवं, पाय!" डोकं वर काढलं तेव्हा ती खुर्ची सोडून काठावर आली होती. पाण्यात उतरायच्या बेतात होती. पहिली पायरी तिनं ओलांडली होती आणि घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. तिथल्या माणसानं शिट्टी वाजवून तिला मागे व्हायला सांगितलं. मी हात हलवला. ती मागे झाली. पुन्हा जाऊन खुर्चीवर बसली.

परतीच्या वाटेवर तिनं नेहमीसारखं सगळ्यांना विचारलं. माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, "पाय बरं मारलंस. आनि पानी कसं हुतं?"

"घाण. औषधाचा वास येतो," मी म्हणाले. तिचं काही हुकलं नाही असं तिला वाटावं, म्हणून म्हणाले असेन. की मला तसं वाटावं म्हणून?

पुढे मी पुण्याला शिकायला गेले, तिथेच नोकरी लागली. अक्का याद्या करत राहिली, आणि पुन्हा कुठल्याही यादीत तिनं स्वतःचं नाव घातलं नाही. सात-आठ वर्षांनी दिवाळीत घरी गेले होते तेव्हा मी धीर करून म्हणाले, "अक्का, चल, आपण दोघीच जाऊ. ड्रेस मी घेते तुला, हवा तो." तिचे गुडघे तोवर पार गेले होते, जिना ती बसून उतरायची. माफी मागायला गेले होते खरं तर, पण तो शब्द काही तोंडातून निघाला नाही.

"आता न्हाय जमायचं," ती म्हणाली. "त्या दिवशी जमलं असतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिच्या पाया तरी पडले असते. मग तिनं विचारलं, "तुझी परतीची गाडी किती वाजता? दशम्या किती घालू?"

दोन वर्षांनी ती गेली. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर सगळे घरात जमलो होतो. थोरल्या चुलतभावाच्या मुलांनी वॉटर पार्कचा हट्ट धरला होता, आणि कुणीतरी म्हणालं, अक्का असती तर आत्ता यादी घेऊन बसली असती. सगळे हसले. मग ती गोष्ट निघालीच. पार्किंगमधलं जेवण, वॉचमनला दशम्या, आणि पाणी बघून घाबरलेली, दिवसभर पिशव्या धरून बसलेली अक्का. चुलतभावानं तिची नक्कलसुद्धा केली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सगळे हसत होते. इतक्या प्रेमानं सांगितलेल्या त्या गोष्टीतली घाबरलेली अक्का सगळीच्या सगळी खोटी होती.

वडिलांनी डोळे पुसले. "ल्हानपनी आजोळी पवायची म्हनं ती. पर पुढं भीती बसली असनार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुलाच ठाऊक. तुझ्यासंगं सगळं बोलायची. व्हय का न्हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चुलतभावाची मुलंसुद्धा. सांगायची हीच वेळ होती.

"हो," मी म्हणाले. "भीती बसली होती तिच्या मनात."