देवीचं गवत
उसाचं पाचट जळाल्याचा वास एसटीच्या खिडकीतून आत आला, की मला बालाघाटाच्या डोंगरावरचं ते पिवळं कुरण आठवतं. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. ऑस्ट्रेलियातून एक जंगल अधिकारी आपल्याकडची रानं बघायला आला होता आणि मी तुळजापूरला इंग्रजीचा मास्तर, म्हणून दुभाषा व्हायला मला सोबत घेतलं. दिवाळी नुकतीच सरली होती, गवतावर अजून दव होतं. ते कुरण देवीचं, त्याला कधी विळा लागत नसे. साहेबानं कोपरापर्यंत हात गवतात खुपसला आणि खालचं, कैक सालांचं वाळलेलं गवत मुठीत चुरडलं. "आमच्याकडं असल्या दवातच थोडं थोडं जाळून घेतात," तो म्हणाला. "तिथल्या मूळच्या रानातल्या लोकांनीच आम्हाला हे शिकवलं. नाहीतर उन्हाळ्यात एका ठिणगीनं सगळंच जातं." मी ते मराठीत सांगितलं. डोंगराखालच्या वाडीतून सोबत आलेल्या म्हाताऱ्या पाटलांनी हात जोडले. "मास्तर, सायबाला सांगा, देवीच्या गवताला आमी काडी लावनार न्हाय. तिचं ती बघंल." साहेब वाद घालत बसला नाही. खालच्या वाडीतली पाचटाची छपरं त्यानं बराच वेळ न्याहाळली आणि एवढंच विचारलं, "उन्हाळ्यात इथला वारा कुठं जातो?" मी ते विचारल्यावर पाटलांसकट सगळ्या गावकऱ्यांचे हात वाडीकडं वळले. आता त्या वाडीचं तिकीट मागितलं, की कंडक्टर मला विचारतो, "कुठली, मास्तर? नवी का जळकी?"