चाळणीत अडकलेला इशारा

ती घटना आजही आठवते, आणि दर वेळी आधी आठवतो तो फिर्यादीचा चेहरा. खुनातली, दरोड्यातली माणसं मी केव्हाच विसरलो. हा मुलगा काही विसरता येत नाही.

लातूरहून औशाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शीतगृहात अमोनिया गॅसची गळती झाली आणि तिथला मशीन ऑपरेटर गुदमरून मेला. मूळचा नायगावकडचा, साठीला टेकलेला माणूस. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. धोक्याचा भोंगा बंद पडलेला होता आणि मालकानं तो दुरुस्त केलेला नव्हता, हे पहिल्याच दिवशी दिसलं. फिर्याद मयताच्या मुलानं दिली. तिशीच्या आतला मुलगा, त्याच शीतगृहाचे कॉम्प्युटर सांभाळायचा. बापानंच शब्द टाकून त्याला तिथं लावलं होतं.

"साहेब, गॅसचा दाब वाढला की आमचा कॉम्प्युटर आपोआप मेल धाडतो. मीच बसवलंय ते," तो म्हणाला. "अप्पाला मेल आलाच असणार. त्यानं बाबाला सांगितलं न्हाई. त्याला आत टाका."

अप्पा म्हणजे शीतगृहाचा मॅनेजर. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मऊ, मयताचा जुना सोबती. इशारा आला की अप्पानं फोन करून ऑपरेटरला सावध करायचं, अशी तिथली पद्धत होती.

अंत्यविधी उरकल्यावर ठाण्यात एक निनावी फोन आला. "मॅनेजरच्या मेलमधी बघा, समदं तिथंच हाय," एवढं बोलून त्या माणसानं फोन ठेवला. निनावी फोनवाला नेहमी अर्धंच सांगतो. उरलेलं एकतर त्याला ठाऊक नसतं, नाहीतर सांगायची छाती नसते. मी अप्पाला चौकशीला बोलावलं.

"मेल आला होता का?"

"माझ्या फोनवर काय बी वाजलं न्हाई, साहेब."

"मग पुसून टाकला असेल."

"बसवण्णाची आन, एक बी पुसला न्हाई."

खोटं बोलणारा लवकर चिडतो, असा माझा अनुभव. हा चिडत नव्हता. फक्त मुलाचा विषय निघाला की मान खाली घालायचा. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. ऑफिसचा कॉम्प्युटर जप्त केला आणि सायबर शाखेकडे पाठवला.

तिथल्या अधिकारी बाईंनी मला शेजारी बसवून सगळं दाखवलं. मेल पुसलेले नव्हते. इशारे एकामागून एक निघाले होते आणि सगळे स्पॅमच्या, म्हणजे नको असलेल्या मेलच्या डब्यात जाऊन पडले होते. एकही उघडलेला नव्हता.

"कचरा अडवायला मेलला चाळणी लावतात," बाई म्हणाल्या. "पण आपल्याच कॉम्प्युटरनं तयार केलेल्या मेलला त्या चाळणीतून सूट द्यावी लागते. त्याला धड पाठवणारा नसतो, मजकूर दर वेळी तोच. चाळणीला तो कचराच वाटतो. इथं चाळणी नुकतीच कडक केलीय, आणि सूट द्यायची राहून गेलीय."

थोडक्यात, घरच्याच माणसाला राखणदारानं दारात अडवलं होतं.

अप्पाला पुन्हा बोलावलं. "चाळणी कडक करायला कुणी सांगितलं?"

"म्याच. लॉटरीचे, कर्जाचे, कसले कसले मेल यायचे. वैताग आला व्हता."

"आणि केली कुणी?"

अप्पा रडायला लागला. "तो गेला त्याच दिशी ते मेल मला त्या डब्यात दिसले, साहेब. उघडायचा धीर झाला न्हाई. त्या घरातला एक माणूस गेलाच हाय. दुसऱ्याला कशाला मारून राहिलात? मला टाका आत."

भीतीपोटी दुसऱ्याचं अंगावर घेणारे मी पुष्कळ पाहिले होते. मायेपोटी घेणारा हा पहिलाच. मी त्याला पाणी दिलं आणि जबाब लिहायला बसलो.

सगळ्यांत वाईट जबाब होता एका हमालाचा. मशीनच्या खोलीबाहेरच मयताला वास आला होता. हमाल म्हणाला, मामा, आत जाऊ नका. त्यावर तो हसून म्हणाला, "माझ्या लेकाची सिस्टीम हाय ती. गडबड असती तर अप्पाचा फोन आला असता. फोन न्हाई, म्हंजी सगळं ठीक हाय." आणि दार उघडून आत गेला.

चाळणीत सूट द्यायची त्याच्याकडूनच राहिली होती, हे आणि हमालाचं बोलणं मुलाला मीच सांगितलं. तो ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "पहिला मेल निघाला तवा बाबा आत व्हते का बाहेर?"

"बाहेर."

"मग माझं नाव घाला, साहेब. आरोपीत."

सरकारी वकिलांचं मत घेतलं. भोंगा बंद ठेवणाऱ्या मालकावर निष्काळजीपणाचं दोषारोपपत्र गेलं. मुलाकडून काय राहून गेलं ते कागदावर जसंच्या तसं आलं, पण त्याला आरोपी केलं नाही. त्या दिवशी ठाण्यातून त्याला हाताला धरून बाहेर नेलं ते अप्पानंच.

तक्रार आली नाही की आम्ही पोलीस हद्द शांत आहे असं धरून चालतो. त्या प्रकरणानंतर मी तसं धरलं नाही. एखाद्या गावाकडून बरेच दिवस काही कळलं नाही, तर स्वतः जाऊन यायचो. या शहाणपणाची किंमत मात्र दुसऱ्याच घरानं मोजली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे मुद्देमालातला मयताचा मोबाईल परत द्यायचा आदेश झाला. तो द्यायला मी स्वतः नायगावकडे त्यांच्या घरी गेलो. मुलगा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या आईनं मोबाईल पदरात घेतला आणि विचारलं, "साहेब, लोक कायबी बोलून राहिलेत. माझ्या लेकाची मशीन तर बराबर व्हती न्हवं?"

मी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"मशीननं वेळेवर सांगितलं होतं, बाई," मी म्हणालो. यात एकही शब्द खोटा नव्हता.

तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला असेल कोण जाणे. ती मुलाकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का रे? साहेब बी तेच म्हणून राहिलेत. तुझ्या बापाला लई भरवसा व्हता तुझ्यावर."

मुलगा उठला आणि आतल्या खोलीत गेला.