सीपीयूवरचा दिवा

२०२३ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. मुलगा श्रावणात गेला. त्याच्या मागोमाग त्याचा कॉम्प्युटर बंद पडला. मी इथं लिहितोय ते कॉम्प्युटरचं. मुलाचं लिहायला मला जमायचं नाही. चौथीपर्यंत शिकलोय, बोलतो तसं लिहितो.

आमचं घर मळवली स्टेशनापासून पायी जाण्यासारखं. भाताची दोन-तीन खाचरं आहेत, आणि मी एका बंगल्याची देखभाल करतो. गवत काढायचं, टाकी भरायची, मालक येणार असले की खिडक्या उघडून आतला कुबट वास घालवायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. मुलगा कंपनीत होता. शिफ्ट करून आला की कॉम्प्युटरवर बसून लग्नाच्या पत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करून द्यायचा. सून त्याचं बघून शिकली आणि त्याच्यापेक्षा भरभर करायला लागली. गिऱ्हाईक आलं की तो सांगायचा, मी नुसता फोटो चिकटवतो, मजकुराचं हिला विचारा.

एका सकाळी सून चहा घेऊन आत गेली तर तो खुर्चीत गेलेला. मान पुढं आलेली, समोर कोणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका अर्धी उघडी. डॉक्टर म्हणाले हार्टचं. लोक आले, गेले. कोण कोण आलं होतं ते मला आज आठवत नाही. पावसाची झड होती आणि लाकडं ओली होती, एवढं आठवतं.

आमच्यात माणूस जिथं जातो त्या जागी दिवा लावतात. खाली तांदळाचं पीठ पसरायचं, त्यावर दिवा, वर डालगं, म्हणजे मोठी टोपली, उपडं घालायचं. पिठावर सकाळी काय उमटलं ते बायका बघतात. दहाव्यापर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. माझी थोरली बहीण आली होती, तिच्या हातात ते सगळं होतं. पण आमच्या त्या खोलीत पावसाळ्यात जमिनीला पाणी सुटतं. पीठ टाकलं की त्याचा लगदा. बहीण म्हणाली, खाली नको, कशावर तरी ठेवू. खुर्चीला लागून सीपीयूचा काळा डबा होता, पाटावर ठेवलेला.

सून म्हणाली, "आत्या, त्याच्यावर नका ठेवू."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "त्याचा जीव तितंच हुता. तितंच राहू द्या दिवा."

घरात माझा शब्द मोडायची रीत नव्हती. दिवा तिथं राहिला. डब्याच्या माथ्याला हवा जायला जाळी असते, ती कोणी बघितली नाही. वात सारताना तेल सांडायचं, पीठ रोज नवं पडायचं. मीही दोनदा तेल घातलं. तेव्हा माझ्याही हातून सांडलं.

तेरावा झाल्यावर सुनेनं बटण दाबलं. पंखा एकदा घुरघुरला आणि तव्यावर भाकरी करपावी तसा वास आला. नंतर काही नाही. तिनं वायर काढली, ओढणीनं डबा पुसला आणि चुलीकडं गेली. मला त्यावरून ती तेव्हाही बोलली नाही आणि पुढंही नाही.

मग तिचा भाऊ आला, परंदवडीहून. तो तिकडच्याच एका कंपनीत आहे. पडवीत माझ्या बाजेवर बसला, चहा घेतला, आणि म्हणाला की पॅकिंगला बायका घेतायत, ताईचं काम होईल. इथं आता तिचं काम बंदच पडलंय. पोरीला तिकडच्या शाळेत घालू. दसरा झाला की न्यायला येतो. सून दारात उभी होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी धरून चाललो की मशीन बंद आहे म्हणून ती जाणार. मशीन चालू झालं तर राहील. त्यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही. ती आणि नात गेली तर घरात मी एकटा, एवढं मात्र दिसत होतं.

भाऊ चांगला माणूस. निघताना म्हणाला, "आबा, तसंच असंल तर मी लॅपटॉप घेऊन देतो तिला. हप्त्यावर घेऊ."

"नगं," म्हणालो. "आमच्या घरात आमचंच मशीन चालंल."

"आबा, ते जळलंय."

"मग जळल्यालं नीट करू."

तो हसला नाही. चप्पल घालून गेला. मी हप्त्याची वस्तू आयुष्यात घेतली नाही, आणि सुनेच्या माहेरची तर घेणारच नव्हतो. पण दहाव्या-तेराव्यात हातातलं बरंचसं गेलं होतं आणि भात अजून निसवत होतं. ते घरात यायला दिवाळी.

दुसऱ्या दिवशी सीपीयू खताच्या धुतलेल्या गोणीत घातला, खांद्यावर टाकला आणि गाडीनं लोणावळ्याला गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत रिपेरीचं दुकान आहे, मुलगा तिथंच जायचा. दुकानदार त्याच्याच वयाचा. त्याला कळलेलं होतं. त्यानं स्टुल पुसून पुढं केलं आणि स्क्रू काढायला बसला. पत्रा काढल्यावर थांबला.

"आबा, हे काय सांडलंय?"

"तेल."

"कसलं?"

"गोडंतेल. दिव्याचं."

त्यानं बारका ब्रश घेतला आणि कोपऱ्यातून पिठाची खपली काढून कागदावर ठेवली. ते पीठ आहे हे त्यालाही कळलं असणार. वायरी लावून, काढून, मीटर टेकवून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला की डिस्क चांगली आहे, म्हणजे केलेलं काम सगळं शाबूत आहे. वीज देणारा डबा चांगला आहे. मदरबोर्ड मेलाय. तेलानं एवढं झालं नसतं, पिठानं पंखा धरला आणि पिठाला ओल सुटली, त्यात बटण दाबलं गेलं.

मी म्हणालो, बोर्ड नवा टाक. तो म्हणाला, ह्या जातीचा आता येत नाही. नवा बोर्ड घेतला तर त्यावर बसणारा प्रोसेसरही नवा लागतो, रॅमही नवी. बेरीज करून त्यानं आकडा सांगितला. तो आकडा माझ्याजवळ नव्हता.

"म्हंजी एक बैल मेला म्हणून जोडीतला दुसरा बी इकायचा."

"तसंच समजा आबा."

"आणि ह्येच्याच वयाचा जुना घावला तर?"

तो म्हणाला, तर काम होईल. त्याच काळातला कोणाचा तरी पडून असलेला कॉम्प्युटर मिळाला आणि त्याचा बोर्ड जिवंत निघाला, तर प्रोसेसरसकट उचलून ह्यात बसवू. लोकांच्या माळ्यावर असतात पडलेले. कोणाकडं आहे का बघा.

कोणाकडं आहे ते मला माहीत होतं. बंगल्याच्या मागच्या खोलीत, कॅरमच्या खाली, असाच एक काळा डबा होता. गेली काही वर्षं मीच त्यावरची धूळ झाडत होतो. तो उचलला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण त्या बंगल्यातलं पडलेलं लिंबूसुद्धा मी न विचारता घरी आणलेलं नाही, आणि विचारायची पाळी कधी येऊ दिली नाही. म्हणजे लिंबूही आणलेलं नाही. दोन दिवस मी तिथं जाऊन नुसता झाडत होतो. तिसऱ्या दिवशी पायरीवर बसून मुंबईला मालकीणबाईंना फोन लावला. आधी त्यांनी टाकीचं विचारलं, माकडांचं विचारलं. मग मी म्हणालो, मागच्या खोलीतलं जुनं मशीन पायजे होतं, काय घ्यायचं ते माझ्या पगारातनं घ्या.

"अहो आबा, ते भंगार आहे. घेऊन जा की. त्यातली डिस्क तेवढी आम्ही काढून घेतलीय." मग म्हणाल्या, "तुमचा मुलगा करतो ना कॉम्प्युटरचं? त्याला सांगा, तो बरोबर बसवेल."

"व्हय," म्हणालो.

"बरा आहे ना तो?"

"व्हय."

त्यांचा काही दोष नाही. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं, आणि कळवायचं माणूस मीच. तेव्हा सांगायला काय हरकत होती ते मला आज सांगता येणार नाही. तोंडातून व्हय आलं. फोन ठेवून मी कुंपणाची मेंदी कापायला घेतली. ती कापायला अजून अवकाश होता. सगळी बाजू कापून काढली, फाट्या गोळा केल्या, आणि मग तो डबा काढला.

पुन्हा गोणी, पुन्हा लोणावळा. दुकानदारानं दोन्ही डबे शेजारी उघडे ठेवले. बंगल्यातल्या डब्यात फारसं काही बिघडलं नव्हतं, आतला बटणाएवढा सेल मेला होता. तो बदलला. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. ती खरवडून नवी लावली. मग तो बोर्ड आमच्या डब्यात बसवला, आमची डिस्क जोडली. तुमची रॅमही स्पिरिटनं धुऊन चालली, म्हणाला, म्हणजे आता आधीपेक्षा पळेल. स्क्रीन लागली. आधी अक्षरं धावली, मग नातीचा फोटो आला, भाताच्या खाचरात उभी असलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. तो फोटो मुलानं काढलेला. मी स्टुलावर बसून बघत होतो. मला वाटलं होतं की आता काहीतरी होईल, छातीत किंवा डोळ्यांत. काही झालं नाही. दुकानदारच उठून पाणी प्यायला गेला.

मी मजुरी विचारली. तो म्हणाला, राहू द्या आबा, त्याचं माझं लय होतं.

"त्याचं तुझं काय आसंल ते त्याच्यासंगं. मशीन माझं हाय. पैसं घे."

त्यानं सांगितले तेवढे घेतले. त्यातही कमीच सांगितले असणार, पण तेवढं मी चालवून घेतलं.

घरी आलो तेव्हा दिवस अजून होता. डबा त्याच्या पाटावर ठेवला. सुनेनं वायरी लावल्या, त्या मला कळत नाहीत. बटण दाबलं. पंखा फिरला, वास आला नाही, नातीचा फोटो आला. सुनेनं उभ्यानंच माऊस हलवून दोन-चार गोष्टी उघडून बघितल्या. ती साखरपुड्याची पत्रिकाही तशीच होती. ती तिनं बंद केली.

"झालं न्हवं चालू?"

"व्हय आबा."

"मग बस की. कामाचं सांग लोकांना. दिवाळीनंतर तिथी हायेत."

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायला गेली आणि तो मागं घेतला.

"आबा, मशीन चाललं. पण मी हितं न्हाई बसणार. त्या दिसापास्नं मी ह्या खोलीत बूड टेकलं न्हाई. उभ्यानं झाडते, उभ्यानं दिवा लावते. मशीन बंद हाय म्हणून मी जात न्हवते."

"मग आदी का न्हाई बोललीस?"

"तुमी म्हणला हुता, वर्षश्राद्ध हुईस्तवर ह्या खोलीतली वस्तू हलवायची न्हाई."

म्हणालो होतो. भावकीसमोर म्हणालो होतो. त्याची पँट खुंटीला होती, कंपनीचा बिल्ला खिशाला लावलेला. चष्मा खिडकीत होता. मी कोणाला त्याला हात लावू दिला नव्हता. आणि घरात दुसरी बसण्यासारखी जागा म्हणजे पडवी, तिथं माझी बाज. तीस वर्षं मी तिथं झोपतो. आल्यागेल्याला मी तिथं दिसतो. मुलगा मागं एकदा म्हणाला होता की टेबल पडवीत टाकू, गिऱ्हाइकाला घरात यायला लागणार नाही. मी म्हणालो होतो, मग मला काय गोठ्यात टाकतोस का. तो हसला होता आणि तो विषय तिथंच संपला.

ती चुलीकडं गेली. भात-आमटी झाली, जेवलो, बाजेवर पडलो.

सकाळी उजाडल्यावर बाजेवरचं अंथरूण गुंडाळलं, बाज उभी केली आणि आडवी करून त्या खोलीत नेली. दारातनं ती निघेना, एक खूर घासला. टेबल एकट्यानं ओढत पडवीत आणलं. मग स्क्रीन, मग पाटासकट डबा. झडीचं पाणी येतं त्या बाजूला मेणकापड बांधलं. बसायला माझी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. त्याची खुर्ची आतच राहू दिली, बाजेच्या उशाला. पँटीला आणि चष्म्याला हात लावला नाही.

मेणकापडाला खिळा ठोकताना सून उठून आली. पडवीत उभी राहून सगळं बघितलं. मग वायर हातात घेऊन भिंतीपर्यंत ताणून बघितली.

"पुरायची न्हाई आबा. प्लग आत हाय."

"किती लागंल?"

तिनं हात पसरून मापून दाखवली. मी टोपी घातली, पिशवी घेतली आणि लोणावळ्याला वायर आणायला गेलो.