पाचव्या साडीपर्यंत भाव नाही

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला संशोधन प्रकल्प करायचा होता आणि मी हट्टानं रहस्यकथा निवडल्या. लहानपणापासून त्यांच्यावर माझा जीव. वर्ध्याच्या कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमनी नाक मुरडलं नाही, पण कामाला चांगलंच जुंपलं. "मला गोष्ट सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "भाषण करणारा माणूस श्रोत्यांना कसा पटवतो, हे आपण पाहतो ना? तसंच लेखक वाचकाला कुठे धरतो, कुठे झुलवतो, ते दाखव."

मी दहा पानं लिहून नेली. 'वाचक खिळून राहतो' हे वाक्य त्यात पुन्हापुन्हा आलं होतं. मॅडमनी प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "कोणता वाचक? मला भेटव त्याला." सोमवारपर्यंत धड काही आणलं नाही तर विषय बदलायचा, असंही बजावलं. बदली विषय म्हणून त्यांनी निबंधवाङ्मय सुचवलं. मला रडूच आलं.

घरी तर वेगळीच गंमत. सेलूत आमचं साड्यांचं दुकान. बाबांना गोष्टीची पुस्तकं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटे, म्हणून मी प्रत्येक रहस्यकथेला खाकी कव्हर घालून वर ठळक अक्षरात 'अर्थशास्त्र' लिहिलं होतं. शनिवारी बसमधून उतरून मी दप्तर दुकानात टाकलं आणि घरी जेवायला गेले. परत आले तर बाबा गादीवर मांडी घालून 'अर्थशास्त्र' वाचत होते. समोर जामहून आलेल्या एक काकू ताटकळत बसलेल्या.

"भाऊ, साड्या दाखवून राह्यले का नाई?"

"दोन मिनिटं थांबजा, काकू. खुनी सापडून राह्यला."

काकूंना कशाबशा दोन-चार साड्या दाखवून बाबांनी वाटेला लावलं आणि पुस्तक माझ्यापुढे आपटलं.

"हा लेखक पक्का दुकानदार होय," ते तणतणले. "चांगला माल पहिल्याच पानावर उलगडून दाखवला अन् भाव काही सांगून नाई राह्यला!"

ही आमच्याच दुकानाची रीत. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की बाबा एकामागून एक घड्या मोडतात आणि पाचवी साडी उलगडेपर्यंत भाव सांगत नाहीत. तोवर बाईनं मनातल्या मनात एखादी नेसलेली असते. पहिल्या पानावरचा खून म्हणजे उलगडलेली साडी आणि खुन्याचं नाव म्हणजे तिचा भाव, हे मला तीन महिन्यांत सुचलं नव्हतं.

मी वही काढली. रविवारभर बाबा तेच पुस्तक पुन्हा हाती घेऊन एकेक पान उलटत चिडत होते आणि मी लिहीत होते. "हे पाहा, सांगतो सांगतो म्हणते अन् मधातच चहा पाजते!" शेवट त्यांना मुळीच पटला नाही. माल फिका निघाला म्हणाले.

"मंग उठले काऊन नाई, बाबा?"

"मले समजून राह्यलं होतं का हा मले बसवून ठेवून राह्यला," ते जरा ओशाळून म्हणाले. "तरी उठता नाई आलं."

हे मी जसंच्या तसं प्रकरणात टाकलं.

सोमवारी बाबांना वर्ध्यात माल पाहायचा होता, म्हणून तेही कॉलेजात आले. मॅडमनी सगळी पानं वाचली. पेन्सिल नुसती हातात राहिली. मग बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, "असल्या पुस्तकांचा अभ्यास करावा, असं तुम्हाला वाटतं?"

मी डोळेच मिटून घेतले. अशा पुस्तकांबद्दल बाबा काय काय बोलत आले होते, ते मी जन्मभर ऐकलं होतं.

"मॅडम, तीस वर्षं झाले, मी लोकायले बसवून ठेवून राह्यलो. मले कोणी बसवलं नव्हतं. यानं बसवलं," बाबा म्हणाले. "कसं बसवलं, ते पोरीनं शोधलंच पाहिजे."

विषय कायम राहिला. जिना उतरताना मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं, तेव्हा बाबांनी माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी ते हळूच उघडलं आणि आतलं दुसरं खाकी पुस्तक बाहेर काढलं.

"हे कायचं होय?"

"अर्थशास्त्राचं," मी म्हणाले.

सेलू आलं, माणसं उतरायला लागली, तरी बाबा काही उठेनात.