आत्याची वाटी

आमच्या आत्याने बावीस वर्षं आमचे खिसे तपासले. कपडे भिजवण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा, सापडेल ते न्हाणीघरातल्या फळीवरच्या स्टीलच्या वाटीत टाकायचं आणि संध्याकाळी ज्याचं त्याला द्यायचं, हा तिचा नेम. नवऱ्याने टाकल्यावर ती भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आली आणि घरातलं धुणं तिच्या गळ्यात पडलं. साबणाने तिची बोटं सांध्यापाशी फुटायची. तीन वर्षांपूर्वी वॉशिंग मशीन आलं आणि महिन्याभरात बोटं भरून आली. मग आत्या उगाचच हात उलटेपालटे करून बघत बसायची.

त्या मशीनचा जीव मी घेतला.

मी पडदे बसवायचं काम करतो, त्यामुळे खिशात हूक नेहमीचेच. त्या दिवशी आत्या तापाने पडली होती आणि मला सकाळी धुतलेला शर्ट हवा होता. ढीग उचलला, कोंबला, बटण दाबलं. खिसे बघायचं माझ्या गावीही नव्हतं. धुऊन झालं, पण पाणी उतरेना. मशीन नुसतं घूं घूं करायचं. मी आपलं बंद कर, चालू कर, असं चार-पाचदा केलं. शेवटी जळका वास आला आणि घूं घूंही थांबलं.

आत्या भिंतीला धरत उठून आली. मागची नळी कुठे दुमडलीय का पाहिली, बटण फिरवून पिळण्यावर लावलं, मशीनला कान टेकवला.

"पंपात काहीतरी अडकलंय," ती म्हणाली.

"तरी सांगत असतो, खिसे नीट बघत जा!" वडील तिच्यावरच ओरडले.

कपडे कोणी टाकले, हे विचारावंसंही कोणाला वाटलं नाही. आमच्याकडे कपडे म्हणजे आत्या. मी मूग गिळून बसलो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला तेव्हा दार मीच उघडलं. त्याने खालचं झाकण फिरवून बादलीभर पाणी काढलं आणि पाठोपाठ पडद्याचे दोन हूक.

"अडकल्याबरोबर बंद केलं असतं तर एवढ्यावरच भागलं असतं," तो म्हणाला. "रेटत राहिलात, पंप जळला. नवा टाकतो. बाकी मशीन ठणठणीत आहे, अजून पाच-सात वर्षं बघायला नको."

हूक मी गुपचूप खिशात टाकले. तेवढ्यात वडील आले, मागून आत्या.

"नवा पंप टाकायचा आणि हिने तो परत जाळायचा?" वडील म्हणाले. "काही नको. ज्याने बिघडवलं त्याने हाताने धुवावं, म्हणजे अक्कल येईल."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. चांगलं रोखून पाहिलं. मग म्हणाली, "बरं, दादा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि चोर रोज स्वच्छ शर्ट घालून कामावर जात होता! थंडीत तिची बोटं पुन्हा फुटली. चहाचा पेला ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. मी मलम आणून दिलं. मलम आणायला जीभ उचलावी लागत नाही. माझी मला किळस यायची, पण ती कोणाला दिसत नव्हती, म्हणून चालून गेली.

मग एका सकाळी आत्या बॅग भरून निघाली. चौकापलीकडच्या लॉन्ड्रीत काम मिळालं होतं, राहायला मागची खोली. "उपकारांची जाण नाही," वडील म्हणाले आणि आठव्या दिवशी त्यांनीच मेकॅनिकला बोलावून पंप बदलून घेतला. चाळीस मिनिटं लागली.

महिन्याभराने मी लॉन्ड्रीत गेलो, कपड्यांचं निमित्त करून. आत्याच्या हातात रबरी मोजे होते, मागे सहा मशीनं फिरत होती आणि शेजारी तीच वाटी. तिने माझी पँट घेतली, खिसा उलटा केला. हूक वाटीत वाजला.

"आत्या, त्या दिवशीचे हूक…"

"माहीत आहे. ताप होता मला, बहिरी नव्हते. ड्रममध्ये खडखडत होते, पलंगावर ऐकू येत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. चार महिने थांबले."

तिने हूक माझ्या हातात ठेवला, पावती फाडून दिली आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला पुढे यायला सांगितलं.